नव्या मिनी बाइकचे रनिंग-इन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी मिनी बाइक हातात आली की पहिला प्रश्न ठरलेला: किती पळवायची? नवे इंजिन सुरुवातीला ठराविक पद्धतीने चालवून त्याचे भाग एकमेकांना जुळवून घेणे, यालाच रनिंग-इन म्हणतात. ४९ सीसीची टू-स्ट्रोक पॉकेट बाइक असो की ११०-१२५ सीसीची फोर-स्ट्रोक पिट बाइक, खालची बहुतेक उत्तरे दोन्हींना लागू आहेत. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळे काही लिहिले असेल तर मॅन्युअलचेच ऐका.

रनिंग-इन म्हणजे इंजिनाच्या आत नेमके काय होते?

नव्या सिलिंडरची आतली भिंत गुळगुळीत वाटते, पण टॉर्च तिरका धरून पाहिले तर तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा दिसतात. होनिंगच्या दगडाने त्या मुद्दाम पाडलेल्या असतात. खाचांमध्ये ऑइल टिकते आणि मधल्या उंचवट्यांवर पिस्टनची रिंग घासते. पहिल्या काही तासांत हे उंचवटे किंचित झिजतात, रिंगची कडाही झिजते आणि दोघांचे पृष्ठभाग एकमेकांना बरोबर जुळतात. यालाच मेकॅनिक ‘रिंगा बसल्या’ म्हणतात.

रिंग भिंतीवर दाबली जाते ती फक्त स्वतःच्या ताणामुळे नाही. इंधन पेटल्यावर तयार झालेला वायू रिंगच्या वरून पिस्टनमधल्या तिच्या खाचेत शिरतो आणि तिला मागून बाहेर ढकलतो. इंजिनावर लोड असेल तेव्हा हा दाब जास्त, नुसते आयडलिंग चालू असेल तेव्हा फारच कमी. म्हणून अतिजपून चालवलेल्या इंजिनात रिंगा नीट बसतच नाहीत. भिंतीवरचे ऑइल जळून तिथे चकचकीत थर चढतो, खाचा बुजतात आणि रिंग त्यावरून नुसती सरकत राहते. कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या मिश्रणाचा दाब) कमी, धूर जास्त, प्लग सतत ओला. यावर उपाय एकच, इंजिन उघडून पुन्हा होनिंग करणे.

आता दुसरी बाजू. नवे पृष्ठभाग खरखरीत असल्यामुळे घर्षण जास्त, म्हणून उष्णताही जास्त. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि बऱ्याच छोट्या इंजिनांत सिलिंडरची लायनर, म्हणजे आतली नळी, ओतीव लोखंडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगते. ४० मिमी व्यासाचा पिस्टन १०० अंशांनी तापला तर व्यास साधारण ०.०८ ते ०.०९ मिमी वाढतो, लायनरचा मात्र त्याच्या निम्माच. आधीच केसाएवढी असलेली फट आणखी कमी होते. उष्णता हाताबाहेर गेली की पिस्टन भिंतीला धरतो.

म्हणजे दाब हवा, पण उष्णता साठू द्यायची नाही. रनिंग-इनचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात आणि ती समजली की आरपीएमचे आकडे पाठ करावे लागत नाहीत.

खोक्यातून काढली, पेट्रोल भरले, किक मारली तर चालेल?

नको. फोर-स्ट्रोक मिनी बाइकची बरीचशी इंजिने वाहतुकीसाठी ऑइल न भरताच पाठवतात. आत थोडेफार ऑइल असलेच तर ते गंज लागू नये एवढ्यापुरते असते. डिपस्टिक काढून पातळी बघितल्याशिवाय किक मारू नका किंवा स्टार्टरची दोरी ओढू नका. रनिंग-इन सुरू होण्याआधीच इंजिन गेल्याची जी प्रकरणे होतात, त्यांत हे कारण नेहमीचे.

मग नटबोल्ट. छोट्या गाड्या अर्धवट जोडलेल्या येतात आणि कारखान्यात घट्ट केलेलेही थरथरीने सैल होतात. इंजिन माउंटिंग, सायलेन्सरचे बोल्ट, मागची स्प्रॉकेट, दोन्ही ॲक्सल, हँडलचा क्लॅम्प हे सगळे पाना लावून बघा. बोटाने हलवून बघणे पुरेसे नाही.

यात सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला मॅनिफोल्ड. तिथले बोल्ट ढिले असतील किंवा गॅस्केट वाकडी बसली असेल तर फटीतून जादा हवा आत ओढली जाते. मिश्रणात पेट्रोल कमी पडते, ज्वलन जास्त गरम होते आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पोचते. ओळखायची खूण: ॲक्सिलरेटरची मूठ सोडल्यावरही आवाज लगेच खाली येत नाही, इंजिन काही क्षण तसेच रेस होत राहते. असे दिसले तर गाडी बंद करा आणि आधी ती फट शोधा.

शेवटी तीन गोष्टी. मूठ सोडली की स्वतःहून परत फिरते का, किल स्विचने इंजिन खरेच बंद पडते का, ब्रेकच्या केबलला पुरेसा ताण आहे का. चेनचा मधला भाग बोटाने वर-खाली साधारण १० ते १५ मिमी हलला पाहिजे. ताणून बसवलेली चेन इंजिनाच्या बेअरिंगवर नाहक ओझे टाकते. नवी चेन पहिल्या तासातच ढिली होते, तेव्हा पुन्हा बघावी लागते.

टू-स्ट्रोकमध्ये ऑइल किती घालायचे?

मॅन्युअलमध्ये असेल तेवढे. बऱ्याच पॉकेट बाइकसाठी रनिंग-इनला २५:१ सांगितलेले असते, म्हणजे १ लिटर पेट्रोलला ४० मिली ऑइल. ३२:१ म्हणजे साधारण ३१ मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली, ५०:१ म्हणजे २० मिली.

झाकणाने अंदाजे मोजू नका. सुई नसलेली सिरिंज वापरा, १ लिटरच्या मिश्रणात ५-१० मिलीची चूकही मोठी असते. मिश्रण वेगळ्या, पेट्रोलसाठीच बनवलेल्या कॅनमध्ये करा: आधी अर्धे पेट्रोल, मग ऑइल, झाकण लावून हलवणे, मग उरलेले पेट्रोल आणि पुन्हा हलवणे. गाडीच्या टाकीत थेट ऑइल ओतले तर ते तळाशी बसते, आधी नुसते ऑइल कार्ब्युरेटरमध्ये जाते आणि नंतर जवळजवळ कोरे पेट्रोल.

टू-स्ट्रोक ऑइलला निळा, लाल किंवा हिरवा रंग मुद्दाम दिलेला असतो. कॅन उजेडात धरून रंग दिसतो का हे प्रत्येक वेळी बघा. ऑइल न मिसळलेल्या पेट्रोलवर हे इंजिन फार थोडा वेळ टिकते.

यामाहाच्या पीडब्ल्यू५० सारख्या काही गाड्यांना ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असतो. तिथे मिश्रण करायचे नसते, पण ऑइलची टाकी भरलेली आहे आणि नळीत हवेचे बुडबुडे अडकलेले नाहीत याची खात्री करून घ्या.

सुरुवातीला सांगितल्यापेक्षा जास्त ऑइल घातले तर इंजिन अधिक सुरक्षित राहील ना?

हा समज फार पसरलेला आहे आणि त्याने नुकसान होते. कार्ब्युरेटरच्या जेटमधून, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रातून, ठराविक प्रमाणात द्रव जातो. त्यात ऑइलचा वाटा वाढला की पेट्रोलचा तेवढा कमी होतो. म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आणि ज्वलन जास्त गरम होते. शिवाय जादा ऑइलने प्लग ओला होतो, सायलेन्सर चिकटतो आणि पिस्टनच्या डोक्यावर काजळी साठते. २५:१ सांगितले असेल तर २५:१ च घाला.

ऑइल कोणते घ्यावे?

टू-स्ट्रोकसाठी जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जाचे, एअर-कूल्ड मोटरसायकलसाठीचे. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेले असेल तर ते बोटींच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असते, मिनी बाइकमध्ये घालू नका. पहिल्या काही टाक्यांना मिनरल की सिंथेटिक यावर जाणकारांतही वाद आहेत. माझा कल साध्या मिनरल किंवा सेमी-सिंथेटिककडे आहे. एकदा घेतलेले ऑइल रनिंग-इन संपेपर्यंत बदलू नये.

फोर-स्ट्रोकमध्ये क्लच ऑइलमध्ये बुडालेला असेल तर जासो एमए दर्जाचे मोटरसायकलचे ऑइल लागते. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, त्यांनी असा क्लच घसरू लागतो. १०डब्ल्यू-३० की १०डब्ल्यू-४० हे मॅन्युअल सांगेल.

पहिल्यांदा सुरू कशी करायची?

पेट्रोलचा कॉक उघडा, चोक लावा, मूठ बंद ठेवा. दोरी असेल तर आधी हळूच ओढा. एका ठिकाणी अडल्यासारखे लागते, तिथून पुढे झटक्यात पण दोरीच्या टोकापर्यंत न नेता ओढा, आणि हातातून न सोडता सावकाश परत जाऊ द्या. दोरी तुटणे आणि स्टार्टरचा दात मोडणे ही दोन्ही दुखणी घाईची.

इंजिन धरले की अर्ध्या-एक मिनिटात चोक काढा. चोक तसाच राहिला तर जादा पेट्रोल भिंतीवरचे ऑइल धुऊन टाकते, आणि नव्या इंजिनाला त्या वेळी ऑइलची सर्वांत जास्त गरज असते. मग दोन-तीन मिनिटे मूठ हलकेच खालीवर करत गरम होऊ द्या. सिलिंडरवरच्या, त्याला थंड ठेवणाऱ्या पात्यांना जवळून हात नेल्यावर ऊब जाणवली की निघायला हरकत नाही. इंजिन गार असताना मूठ एकदम पिळायची नाही, कारण पिस्टन लगेच तापून फुगतो आणि सिलिंडर अजून गारच असतो.

पहिली टाकी कशी चालवायची?

सपाट, मोकळी, कोरडी जागा निवडा. वाळू, उंच गवत, चढ आणि मागे बसवलेला मित्र हे सगळे पहिल्या टाकीपुरते वर्ज्य.

निघाल्यावर मूठ अर्ध्यापर्यंतच न्यायची, पण एका जागी धरून ठेवायची नाही. थोडे पळवा, सोडा, पुन्हा पळवा. मधूनच दोन-तीन सेकंदांसाठी मूठ पाऊणपर्यंत उघडा आणि लगेच बंद करा. उघडताना रिंगवर दाब येतो, सोडताना उष्णता उतरायला वेळ मिळतो. एकाच वेगाने लांबवर फिरत राहणे हे दिसायला सौम्य, पण रनिंग-इनसाठी निरुपयोगी. गियरची गाडी असेल तर वरच्या गियरमध्ये कण्हत ओढू नका, खाली उतरा. कमी आरपीएमला जास्त लोड म्हणजे उष्णता भरपूर आणि पात्यांवरून वाहणारा वारा नगण्य.

दहा मिनिटे झाली की थांबा. इंजिन बंद करा आणि पात्यांवर हात ठेवता येईल इतके गार होऊ द्या, याला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. तेवढ्यात पाना फिरवून घ्या, चेन बघा. मग पुन्हा दहा मिनिटे. तापणे आणि पूर्ण निवणे हे चक्र काही वेळा झाले की भाग आपापल्या जागी बसतात आणि गॅस्केटही दबते. थांबण्याचा हा वेळ लोक सर्रास गाळतात. मुले गाडीभोवती घिरट्या घालत असतात आणि मोठ्यांचाही धीर सुटतो. पण दहा मिनिटांची चार चक्रे आणि सलग चाळीस मिनिटे यांत इंजिनाच्या दृष्टीने खूप अंतर आहे.

दुसऱ्या टाकीला चक्र पंधरा मिनिटांचे करा आणि मूठ पाऊणपर्यंत जाऊ द्या. तिसऱ्या टाकीला पूर्ण मूठ, पण काही सेकंदच.

किलोमीटर मोजायचे, तास मोजायचे की टाक्या?

बहुतेक मिनी बाइकना मीटरच नसतो. पॉकेट बाइकची टाकी लिटर-दीड लिटरची असते, तिथे टाक्या मोजणे सोपे. मोठी टाकी असेल तर इंजिन प्रत्यक्ष चालल्याचे तास धरा. वरच्या पद्धतीने दोन-तीन तासांत मुख्य काम होते. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून कठीण मुलामा दिलेला असेल तर भिंत झिजतच नाही, सगळे जुळवून घ्यायचे ते रिंगला, म्हणून तिथे थोडा जास्त वेळ द्या.

काही जण सांगतात की पहिल्या मिनिटापासून जोरात पळवा, तरच ताकद येते. खरे काय?

त्यांच्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे. रिंग बसायला दाब लागतो आणि उंचवटे ताजे असतानाच ते काम चांगले होते. पण हा सल्ला जिथून आला ती इंजिने बहुधा अचूक मापात बनवलेली, चांगल्या ऑइलिंगची आणि कित्येकदा पाण्याने थंड होणारी असतात. स्वस्त मिनी बाइकच्या इंजिनात पिस्टन आणि सिलिंडर यांतली फट एका गाडीपासून दुसरीत बदलते आणि कार्ब्युरेटरचे सेटिंगही भरवशाचे नसते. तुमच्या वाट्याला घट्ट फटीचे इंजिन आले असेल तर पहिल्या पाच मिनिटांत पूर्ण मूठ त्याला सोसणार नाही. थोडा वेळ दाब, मग विश्रांती, या मध्यम मार्गाने रिंगाही बसतात आणि धोकाही टळतो.

गाडी स्टँडवर लावून तासभर आयडलिंगवर ठेवली तर रनिंग-इन होईल का?

नाही. दाब नाही, वारा नाही, आणि न जळलेले ऑइल साठत राहते.

उतारावर मूठ बंद करून गाडी सोडली तर?

फोर-स्ट्रोकला फारसे बिघडत नाही. टू-स्ट्रोकला बिघडते, कारण ऑइल पेट्रोलबरोबरच येते. मूठ बंद म्हणजे पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे ऑइलही बंद, आणि चाक मात्र इंजिनाला जोरात फिरवत असते. लांब उतार असेल तर मधूनमधून मूठ जरा उघडून इंजिनाला घोट मिळू द्या. नव्या गाडीला असे उतार टाळलेलेच बरे.

इंजिन जाम होऊ लागले हे आधी कळते का?

बहुतेक वेळा कळते, पण हातात दोन-तीन सेकंदच असतात. मूठ तेवढीच असताना गाडी आपोआप मंदावते, कोणीतरी मागून धरल्यासारखी. आवाज कोरडा, पत्र्यासारखा होतो. कधी तापलेल्या धातूचा वास येतो. ताबडतोब मूठ सोडा, क्लचचा लिव्हर असेल तर दाबा, आणि इंजिन बंद करा.

नंतर लगेच पुन्हा सुरू करून बघण्याचा मोह आवरा. पूर्ण गार झाल्यावर दोरी हळूच ओढून पिस्टन मोकळा फिरतो का बघा. फिरला तरी कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका: मिश्रणात ऑइल होते का, मॅनिफोल्डमधून हवा शिरते का, पेट्रोलची नळी दुमडली आहे का. सायलेन्सर काढला तर एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टनची बाजू दिसते. तिथे उभे ओरखडे असतील तर गाडी मेकॅनिककडे न्या.

प्लगच्या रंगावरून काय समजते?

बरेच काही. दहा मिनिटांच्या फेरीनंतर इंजिन बंद करा, जरा निवू द्या आणि प्लग काढा. आतल्या पांढऱ्या पोर्सेलिनवर फिकट तपकिरी छटा असेल तर मिश्रण ठीक. पांढरेफटक, कोरडे असेल तर पेट्रोल कमी पडते आहे, तेव्हा गाडी थांबवा आणि हवा कुठून शिरते ते बघा. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त. पहिल्या टाकीत थोडा काळपट रंग चालतो, त्याची चिंता नको. प्लगच्या टोकाची फट (गॅप) बहुतेक छोट्या इंजिनांत ०.६ ते ०.७ मिमी असते.

धूर येतो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काळे तेल जमते. इंजिनात दोष आहे का?

टू-स्ट्रोकला २५:१ वर हे होणारच. फोर-स्ट्रोकला पहिल्या अर्ध्या तासात थोडा निळसर धूर दिसू शकतो. तो रिंगा बसल्यावर थांबला पाहिजे. दोन-तीन तासांनंतरही फोर-स्ट्रोक निळा धूर सोडत असेल तर आधी ऑइल जास्त भरले नाही ना हे बघा, मग कम्प्रेशन तपासून घ्या.

फोर-स्ट्रोकचे पहिले ऑइल कधी बदलायचे?

लवकर. अनेक छोट्या इंजिनांना ऑइल फिल्टरच नसतो, झिजलेल्या धातूचा चुरा ऑइलमध्येच फिरत राहतो. मॅन्युअलमध्ये उशिराची वेळ दिली असली तरी पहिल्या तास-दोन तासांनंतर बदललेले चांगले. आधी बदलल्याने काही बिघडत नाही. इंजिन कोमट असताना काढा, म्हणजे चुरा ऑइलबरोबर वाहून येतो. काढलेले ऑइल भांड्यात उन्हात धरून हलवा, त्यात चंदेरी चमक दिसेल, ती अपेक्षित आहे. नखाला लागतील असे तुकडे मात्र अपेक्षित नाहीत. दुसरा बदल साधारण पाच तासांनी करा, त्यात चमक बरीच कमी झालेली दिसली पाहिजे.

गियर नाही, आपोआप पकडणारा क्लच आहे. त्यालाही जपावे लागते का?

हो, आणि याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. इंजिनाचा वेग वाढला की या क्लचच्या घर्षणपट्ट्या बाहेर फेकल्या जाऊन ड्रमला धरतात. त्याही नव्या असतात, त्यांनाही बसायला वेळ लागतो. ब्रेक दाबून रेस करू नका. लहान मूल गाडीवर आणि मोठे माणूस शेजारून चालत, अशा चालण्याच्या वेगात क्लच धड पकडत नाही आणि धड सुटत नाही, नुसता घासून तापतो. जळका वास आला तर समजा तेच होते आहे.

गाडी मुलासाठी आहे. रनिंग-इन त्याने करावे की मोठ्याने?

वजन झेपत असेल तर पहिली टाकी मोठ्यानेच चालवावी. मूल मूठ एक तर पूर्ण पिळते, नाही तर पूर्ण सोडते, आणि आवाजातला बदल त्याला कळत नाही. मोठ्याचे वजन गाडीला जास्त होत असेल तर मूठ मर्यादित करणारा स्क्रू आत फिरवून ठेवा आणि दहा मिनिटांचे घड्याळ तुम्ही सांभाळा. पहिल्या दिवसापासून हेल्मेट, ग्लोव्हज, बूट. होंडाच्या मंकी मालिकेची पूर्वज असलेली झेड१०० हीसुद्धा १९६१ मध्ये टोकियोच्या टामा टेक मनोरंजन उद्यानासाठी, बंदिस्त जागेत चालवायला बनवली होती. मुलांच्या मिनी बाइकची जागा आजही तशीच, रस्त्यापासून दूर.

एअर फिल्टर, जेट, सायलेन्सर आत्ताच बदलू का?

रनिंग-इन पूर्ण होईपर्यंत नाही. मोकळा फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावला की हवेचे प्रमाण बदलते आणि जेटही बदलावा लागतो. ते सगळे एकदम केले तर बिघाड नेमका कशामुळे झाला हे कधीच कळणार नाही. फिल्टर काढून चालवणे तर मुळीच नको, धुळीचा कण नव्या भिंतीवर ओरखडा काढतो.

उरलेले पेट्रोल-ऑइल मिश्रण किती दिवस ठेवता येते?

महिनाभराच्या आत संपवा. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतला ओलावा ओढते. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो.

रनिंग-इन झाले हे कसे ओळखायचे? नंतर ऑइल कमी करायचे का?

दोरी ओढताना हाताला आधीपेक्षा जास्त जोर लागतो, हे कम्प्रेशन वाढल्याचे लक्षण. आयडलिंग एकसारखे राहते, मूठ उघडल्यावर पिकअप अडखळत नाही आणि प्लगचा रंग दोन-तीन फेऱ्या तसाच टिकतो. त्यानंतर टू-स्ट्रोकचे मिश्रण मॅन्युअलमध्ये दिलेल्या नेहमीच्या प्रमाणावर आणा, त्याहून पातळ करू नका. प्रमाण बदलले की पहिल्या फेरीनंतर प्लग पुन्हा काढून बघा, कारण ऑइल कमी झाल्यावर पेट्रोलचा वाटा वाढतो आणि आयडलिंगचा स्क्रू थोडा फिरवावा लागतो.